रॅन्समवेअर: ऐन कापसाच्या हंगामात टॅलीला कुलूप

तापीकाठ
२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी, हा धागा काढावा की नाही यात आठ दिवस घालवले. मामा म्हणतात, गावभर कशाला करतोस, बाजारात पत जाते. पण परवा अमळनेरहून एका ओळखीच्या दुकानदाराचा तसाच फोन आला, आवाजही तसाच घाबरा. म्हटलं आता लिहावंच. जिनिंगचं (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं) नाव सांगणार नाही, व्यनित (खासगी निरोपात) पण विचारू नका.

मी जळगावला हिशेबाची कामं करतो. मामांची जिनिंग चोपड्याकडे. १२ जानेवारी, सोमवार, सकाळचे आठ. दिवाणजी आबांचा फोन. "भाऊ, टॅली उघडतंय, पण आपली कंपनीच दिसून नाही राहिली." (टॅली म्हणजे आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर.) मला वाटलं डेटाचा पाथ हलला असेल, नेहमीचंच. बिनधास्त सांगितलं, "आबा, बंद करून चालू करा." (यावरून कुणीतरी मला झापणार, माहीत आहे.)

चालू केल्यावर आबांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. इंग्रजी मजकूर, खाली एक ईमेल पत्ता. तुमच्या सगळ्या फाइली बंद केल्या आहेत, उघडायच्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या, दुसऱ्या कुणाकडे गेलात तर फाइली कायमच्या जातील. आणि वर, विश्वास बसावा म्हणून दोन लहान फाइली फुकट उघडून देऊ. पेढेवाला चवीला तुकडा हातावर ठेवतो तसं. यालाच रॅन्समवेअर म्हणतात.

गाडी काढली. पोचल्यावर डेटाचा फोल्डर उघडला. टॅलीवाल्यांना माहीत आहे, प्रत्येक कंपनीला आकड्यांच्या नावाचा फोल्डर असतो, आमचा १०००३. आत सगळ्या फाइली जागच्या जागी, साइजही जवळपास तीच. फक्त प्रत्येक नावापुढे एक लांबलचक क्रमांक, मग तो ईमेल, मग कधी न पाहिलेलं चार अक्षरी शेपूट. बदल झाल्याची वेळ रात्री २ वाजून १४ मिनिटं ते २ वाजून ३१. सतरा मिनिटं. मजुरांच्या हजेरीची एक्सेल, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं, मामीने कधीतरी टाकून ठेवलेले नातवाच्या जावळाचे फोटो, सगळ्यांना तेच शेपूट.

बॅकअप होता. दुखतं ते हेच. १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क, रोज रात्री नऊला आपोआप कॉपी. मीच लावून दिली होती आणि चार ठिकाणी मिरवलंही होतं. ती डिस्क दोन वर्षं कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलीच. तिच्यावरही तेच शेपूट, २ वाजून ३३ पासून पुढे.

शिरले कुठून? लॉकडाउनमध्ये मला जळगावहून काम करता यावं म्हणून एका कॉम्प्युटरवाल्याने राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट थेट बाहेर उघडून दिलं होतं. नंतर ते त्याने बंद केलं नाही, मीही नाही. पासवर्ड म्हणजे जिनिंगचं नाव आणि पुढे १२३. विंडोजच्या नोंदी जिथपर्यंत शिल्लक होत्या तिथपर्यंत ४६२५ चा, म्हणजे चुकलेल्या लॉगिनचा, नुसता पाऊस. दर काही सेकंदाला एक. आणि रात्री १ वाजून ५० ला बाहेरच्या पत्त्यावरून एकच ४६२४. जमलेलं लॉगिन. ना कुठला ईमेल, ना कुठली लिंक. पुढच्या दाराने, आमच्याच किल्लीने आत.

मामांनी एवढंच विचारलं, "शेतकऱ्यांचे कुणाकुणाचे किती द्यायचे राहिलेत, ते तरी सापडेल का?"

ते कसं सापडलं ते नंतर लिहितो, थकलोय. तोवर जाणकारांनी सांगा, हे कुलूप तुटत का नाही? शहरातल्या दोन कॉम्प्युटरवाल्यांनी "बघू, काढून देऊ" म्हणून चार-चार दिवस ठेवून घेतलं आणि परत दिलं.

---

शेवभाजी
२ फेब्रुवारी, रात्री १०:४२

बाप रे. पुढचं येऊ द्या. (वाचता वाचता उठून आमच्या दुकानातली डिस्क काढून आलो.)

---

भुसावळ_जंक्शन
३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

तापीकाठ, झापतोच आधी. असं काही दिसलं की पहिलं काम नेटची वायर उपटणं आणि वायफाय बंद करणं. बंद-चालू नाही. चालू मशीनच्या मेमरीत कधीकधी कामाची गोष्ट शिल्लक असते. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी विंडोज एक्सपी आणि ७ वर काही लोकांना मेमरीतून किल्ली परत मिळाली होती, पण ज्यांनी मशीन रीस्टार्ट केलं नव्हतं त्यांनाच. तुमचं कुलुपाचं काम रात्रीच संपलेलं, त्यामुळे फार बिघडलं नसेल. पण फाइली बदलताना डोळ्यांसमोर दिसतायत आणि नेट तोडताच येत नाहीये, अशा वेळी मात्र सरळ पॉवर काढा.

आता कुलूप. मी पुण्यात याच कामात आहे, सोपं करून सांगतो.

दाबून बंद होणारं कुलूप असतं ना, किल्लीशिवाय लागणारं? चोर तसली उघडी कुलपं पोतंभर घेऊन येतो. लावायला किल्ली लागत नाही, त्यामुळे तो किल्ली बरोबर आणतच नाही. ती त्याच्या घरी. तुमच्या मशीनची झडती घ्या, चोराचा सगळा प्रोग्राम उलगडून बघा, किल्ली सापडणार नाही, कारण ती तिथे कधी आलेलीच नसते. यालाच सार्वजनिक किल्ली आणि खासगी किल्ली म्हणतात, बहुतेक ठिकाणी आरएसए पद्धत.

पण या पद्धतीने लाखभर फाइली बंद करायला फार वेळ लागेल. म्हणून चोर दोन पायऱ्या करतो. फाइली बंद करायला एईएससारखी झपाट्याने चालणारी पद्धत, तिची किल्ली तुमच्याच मशीनवर जागच्या जागी तयार केलेली. काम झालं की ती छोटी किल्ली त्या दाबाच्या कुलपात टाकून मूळ किल्ली पुसून टाकतो. म्हणून सतरा मिनिटांत जिनिंगचा सगळा हिशेब आवरला. मोठ्या फाइलींचे तर मधले मधले तुकडेच बंद करतात, वेळ वाचवायला. निकामी व्हायला तेवढं पुरतं.

तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी चार दिवस काय केलं असेल? डिलीट झालेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर फिरवलं असेल. इथे फाइल डिलीट झालेलीच नाही, समोरच आहे. बदललंय ते आतलं. आणि विंडोज स्वतःहून जुन्या प्रती ठेवतं, त्या शॅडो कॉपी हे लोक फाइलींना हात लावायच्या आधीच एका ओळीच्या आज्ञेने उडवतात.

हे सगळं नवीन नाही. पहिलं रॅन्समवेअर १९८९ चं. जोसेफ पॉप नावाच्या माणसाने एड्सबद्दलची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या. कॉम्प्युटर ९० वेळा चालू झाला की फाइलींची नावं गोंधळून जायची आणि पनामातल्या पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवा असा कागद प्रिंटरमधून यायचा. पण त्यात बंद करायची आणि उघडायची किल्ली एकच होती, ती फ्लॉपीतच सापडली आणि तोड निघाली. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरपासून दाबाचं कुलूप आणि बिटकॉइन एकत्र आले, तेव्हापासून हा धंदा झाला.

तापीकाठ, ते चार अक्षरी शेपूट आणि नोटेतला मजकूर व्यनि करा. आणि बंद फाइली असलेली डिस्क फॉरमॅट केली नसेल अशी आशा आहे.

---

केळीबाग
३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

मी रावेरकडे केळीत आहे, एक व्यवहाराची गोष्ट बोलतो. राग मानू नका. आमच्याकडे कटाई सुरू असताना चार दिवस हिशेब बंद राहिला तर ट्रक थांबतात आणि माल उन्हात काळा पडतो. अशा वेळी मागितले तेवढ्यात घासाघीस करून देऊन टाकावे असंच मला वाटतं. नाही दिले तर नुकसान त्याहून मोठं. बाजार शब्दावर चालतो. त्या चोराला पुढचं गिऱ्हाईक हवं असेल तर त्यालाही शब्द पाळावाच लागेल ना?

---

लळिंग
३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

@केळीबाग, तुमचा मुद्दा कच्चा नाही. बरेच टोळीवाले खरंच किल्ली देतात, नाहीतर धंदा बसेल. पण "शब्द" कुणाचा ते बघा. किल्ली देणारा एक, तुमच्या दारात शिरलेला दुसरा, दोघांत टक्केवारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ला झाल्यावर अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या दवाखान्यांची बिलं हाताळणाऱ्या कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर भरले. टोळीचा मुख्य माणूस सगळे पैसे घेऊन पसार, आणि ज्याने प्रत्यक्ष घुसखोरी केली होती त्याला दमडी मिळाली नाही. चोरलेला डेटा त्याच्याकडेच होता. कंपनीला पुन्हा दुसऱ्या नावाने धमकी आली.

त्याच महिन्यात ब्रिटनच्या पोलिसांनी इतर देशांबरोबर मिळून लॉकबिट टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा ज्यांनी पैसे भरून "तुमचा डेटा पुसला" असं आश्वासन घेतलं होतं त्यांचाही डेटा तिथे सापडला.

आणि २७ जून २०१७ चं नॉटपेट्या तर खंडणीचं नुसतं सोंग होतं. पैसे भरले तरी किल्ली नव्हतीच, फक्त नासधूस. आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल त्यातच ठप्प झालं होतं. कंटेनर अडकले ते तेव्हाच.

अवांतर: त्या मर्स्कची गंमत खानदेशी माणसाला फार आवडेल. त्यांच्या जगभरच्या नेटवर्कच्या किल्ल्या सांभाळणारे सर्व्हर सगळे एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच गेले. एकच प्रत वाचली, घानाच्या ऑफिसातली. का? तिथे नेमके त्या वेळी लाइट गेलेले. भारनियमनाने कंपनी वाचवली.

---

शेवभाजी
३ फेब्रुवारी, दुपारी १:११

मग आपल्याकडे कुणालाच रॅन्समवेअर व्हायला नको :)

---

स्टुडिओवाला
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

माझं दुखणं वेगळं. धुळ्यात फोटो स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत एका पोराने फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर "क्रॅक" करून टाकायला एक फाइल उतरवली. अँटिव्हायरस ओरडला. पोरगं म्हणालं, क्रॅक म्हटलं की अँटिव्हायरस ओरडतोच, आणि त्याने तो बंद केला. खरं सांगू, मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. दहा वर्षं असंच चाललं होतं.

अर्ध्या तासात सगळ्या फोल्डरांत रीडमी नावाची फाइल. ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. चार लग्नं आणि एक साखरपुडा. एका नवरीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात वारले होते, त्यांचे फोटो त्यात होते. मी दोन रात्री झोपलो नाही.

याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात असं नंतर कळलं. घरगुती आणि लहान दुकानांच्या मशीनवर याच मार्गाने पसरतं. एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीने २०१९ मध्ये याच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत तोड काढली होती. नंतरच्या प्रकारांत फक्त एक पळवाट उरली. हल्ल्याच्या वेळी त्या व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नसेल तर तो पदरची ठरलेली किल्ली वापरतो, आणि ती किल्ली कुणीतरी आधी मिळवलेली असेल तर फाइली उघडतात. माझं नेट तेव्हा नेमकं फर्स्टक्लास चालू होतं.

पण हा व्हायरस प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतो. फोटोसाठी तो धक्का मोठा, व्हिडिओसाठी काहीच नाही. त्याच कॅमेऱ्याची एक चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन बरेच व्हिडिओ दुरुस्त झाले. त्या वडिलांचा कन्यादानाचा व्हिडिओ निघाला. त्यातून फ्रेम काढून मी अल्बम केला. पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून कॅमेऱ्याचं कार्ड अल्बम घरपोच होईपर्यंत फॉरमॅट करत नाही. कार्डं महाग पडतात, पडू देत. क्रॅकची सॉफ्टवेअरंही गेली, महिन्याचं भाडं भरतो आता.

---

तापीकाठ
४ फेब्रुवारी, रात्री ११:००

@भुसावळ_जंक्शन, व्यनि मिळाला. बाकीच्यांसाठी: आमच्या प्रकारावर सध्या मोफत तोड नाही. झापलंत ते बरोबरच.

आता हिशेब कसा उभा केला ते. माझ्या लॅपटॉपवर ऑडिटसाठी घेतलेली ३० सप्टेंबरपर्यंतची प्रत होती. म्हणजे गेलं ते ऑक्टोबर ते १२ जानेवारी. म्हणजे अख्खा हंगाम.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की सगळंच गेलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहीत गेलो, ही आपल्याशिवाय आणखी कुणाकडे आहे? हे आधी करायला हवं होतं.

रुईच्या गाठी आणि सरकीची विक्री: जीएसटी पोर्टलवर. डिसेंबरपर्यंतचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, भरलेलं होतं, जानेवारीची बिलं ई-वे बिलांवरून (माल वाहतुकीच्या परवान्यांवरून) काढली. बारदान, पट्ट्या आणि बाकी सामान (डिझेलवाले सोडून): पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या यादीत, समोरच्याने भरलेलं. बँक: स्टेटमेंट. हे चार दिवसांत झालं.

अडलं ते कापसावर. शेतकरी जीएसटीत नोंदलेला नसतो. त्याच्याकडून घेतलेल्या कापसाचा कर जिनिंगवालाच रिव्हर्स चार्जने भरतो आणि तो ३बी या महिन्याच्या विवरणात एकाच एकूण आकड्यात जातो. कोणाचा किती कापूस, कोणत्या भावाने, किती दिले, किती राहिले, हे सरकारकडे नाही, बँकेकडेही अर्धंच. ते फक्त आपल्याकडे. आणि आपल्याकडचं गेलं होतं.

वाचवलं वजनकाट्याने. काट्याची खोली फाटकापाशी आहे, तिथला कॉम्प्युटर जुनाट, ऑफिसला जोडलेलाच नाही. तिथपर्यंत वायर न्यायचा खर्च मामांनी तीनदा नाकारला होता. (लळिंग, तुमचं घाना वाचून मामांना सांगितलं, ते आता दोन दिवस मिश्या पिळतायत.) त्यात प्रत्येक गाडीची पावती होती. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ क्विंटल. पण काटापावतीवर भाव नसतो. भाव ठरतो ढिगापाशी, कापूस हातात घेऊन, ओल किती, कवडी (खराब कापूस) किती, ते बघून. तो आबांच्या वहीत. आबा टॅली शिकले तरी वही सोडली नव्हती. मी दोन वर्षं त्यांना चिडवत होतो, आबा, दोनदा कशाला लिहिता?

तर सव्वीसशेच्या आसपास पावत्या, समोर वही. आबा वाचणार, मी आणि मामेबहीण भरणार, मामा शेतकऱ्यांना फोन लावणार. अकरा दिवस. वहीतल्या काही नोंदी अशा: "भगवान, ट्रॅक्टर, ७२ ला, उचल गेली." कोण भगवान? चार भगवान आहेत. "७२ ला" म्हणजे ७,२०० रुपये भाव, आणि उचल म्हणजे आधी दिलेली रक्कम वजा करायची. हे आबांशिवाय जगात कुणालाच वाचता आलं नसतं. विचार करा, कुलूप तिथेही आहेच, फक्त किल्ली आपल्या माणसाच्या डोक्यात.

महिन्याची बेरीज झाली की ३बी मधल्या त्या एकूण आकड्याशी ताडून बघायची. ऑक्टोबर पहिल्या झटक्यात जुळला, नोव्हेंबरमध्ये दोन पावत्या जास्त निघाल्या (एकच गाडी दोनदा काट्यावर चढली होती). डिसेंबरला तीन दिवस लागले.

एका शेतकऱ्याने मात्र फोनवर स्वतःहून सांगितलं, "मामा, मन्हा बारा हजार व्हतात, पन तुम्हना वहीम्हा आठच लिखेल व्हई, मी चार दिवायीले उचलेल व्हतात." मामा फोन ठेवून बराच वेळ गप्प बसले होते.

---

जुना_मास्तर
५ फेब्रुवारी, सकाळी ६:२५

वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहे. त्यातले फोटोही असे बंद होऊ शकतात का? काल व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, दाबली तर "इन्स्टॉल करा" म्हणाली. मी केलं नाही.

---

भुसावळ_जंक्शन
५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

मास्तर, अगदी योग्य केलंत. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. ती एपीके फाइल होती, म्हणजे ॲप. पीएम किसानच्या नावानेही तशाच फिरतात. त्यांचा डोळा फोटोंपेक्षा तुमच्या ओटीपीवर आणि खात्यावर असतो. ज्याच्याकडून आली त्याला फोन करून सांगा, बहुधा त्याचाच फोन गेलेला असेल.

आता तापीकाठ यांच्या मूळ प्रश्नावर, लहान धंद्याने काय करावं. लोक मला आधी "कोणता अँटिव्हायरस" हेच विचारतात. तुमच्या बाबतीत तो असून काय झालं? ॲडमिनचा पासवर्ड हाती आल्यावर चोराने आधी तोच बंद केला असणार. अँटिव्हायरस ठेवा, पण भरवसा प्रतीवर. आणि प्रत ती, जी त्या क्षणी कुठेच जोडलेली नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम आहे. मी त्यात एवढंच घालीन की त्यातली एक रात्री वायरीशिवाय झोपलेली असावी.

दोन डिस्का घ्या. आज एक लावा, कॉपी करा, काढा, कपाटात. पुढच्या वेळी दुसरी. दोन्ही एकाच वेळी कधीही लावायच्या नाहीत. गूगल ड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोल्डर सिंक असेल तर बंद झालेल्या फाइलीही इमानेइतबारे वर चढतात. जुन्या आवृत्त्या तिथे साधारण ३० दिवस राहतात, त्यातून सुटका होते, पण एकेक फाइल मागे नेताना जीव जातो.

३३८९ बाहेरून बंद. आजच. लांबून काम हवंच असेल तर मध्ये व्हीपीएन (नेटवरून जाणारा खासगी बंद रस्ता) आणि मोबाइलवर येणारा ओटीपीसारखा दुसरा टप्पा. पाच-दहा चुकीच्या प्रयत्नांनी खातं काही मिनिटं बंद व्हावं अशी सोय विंडोजमध्ये आहे, ती चालू केली असती तर तुमचा ४६२५ चा पाऊस थेंब-थेंब झाला असता. रोजच्या कामाचं खातं ॲडमिनचं नको. आबांना टॅली चालवायला ॲडमिन कशाला?

विंडोज अपडेट. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला आलं, दीडशेच्या वर देशांत पसरलं. ज्या भोकातून ते शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने. विंडोज १० ची नेहमीची अपडेटंही १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत, हे एमआयडीसीतल्या अर्ध्या ऑफिसांना अजून माहीत नाही. विंडोज डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरांना फक्त ओळखीच्या प्रोग्रामनेच हात लावावा अशी एक सोय असते, ती टॅलीच्या फोल्डरला लावा. पहिल्या दिवशी ती टॅलीलाच अडवेल, घाबरू नका, टॅलीला परवानगी द्या.

आणि विंडोजला फाइलींची शेपटं दाखवायला सांगा. "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" मधलं शेवटचं शेपूट विंडोज मुळात लपवून ठेवतं, आणि उरतं ते साळसूद बिल डॉट पीडीएफ. ही सोय कुणी काढली देव जाणे.

---

कान्हदेश
५ फेब्रुवारी, दुपारी २:४०

तक्रार केली का कुठे? करून काही उपयोग असतो का?

---

तापीकाठ
५ फेब्रुवारी, रात्री ८:५५

केली. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, आणि त्याची प्रत घेऊन पोलिसांकडे. चोर सापडेल या आशेने नाही. उद्या कर खात्याने किंवा बँकेने विचारलं की मूळ नोंदी कुठे, तर दाखवायला तारीख-वार असलेला कागद हवा, असं आमच्या सीएंनी सांगितलं. (१९३० हा नंबर खात्यातून पैसे गेले तर लगेच फिरवायचा.) शिवाय एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायचं असतं, कंपन्यांनाही. आम्हाला ते चौथ्या दिवशी कळलं. तरी कळवलं.

---

लळिंग
५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

उपयोग कधीकधी उशिरा होतो. टेस्लाक्रिप्टवाल्यांनी मे २०१६ मध्ये स्वतःच मुख्य किल्ली देऊन टाकली होती. फोबोस टोळीच्या प्रकारांवर जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये मोफत तोड दिली. अशा सगळ्या किल्ल्या नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर ठेवतात, डच पोलीस आणि युरोपोल यांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेलं. म्हणून बंद फाइली आणि ती नोट एका डिस्कवर टाकून, चिठ्ठी चिकटवून ठेवून द्या. वर्षातून एकदा बघा.

मोठ्यांचंही काही वेगळं नसतं हो. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, तेव्हा एवढ्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर हाताने लिहीत होते. ३१ जुलै २०२४ ला बँकांना तांत्रिक सेवा देणारी एक कंपनी सापडली आणि देशातल्या जवळपास ३०० लहान बँकांचं यूपीआय थांबलं, त्यात सहकारी बँकाच जास्त. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने त्या दिवशी पुन्हा उधारीची वही काढली होती.

---

केळीबाग
६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

मी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. पण दोन डिस्का मागवल्या.

---

भुसावळ_जंक्शन
६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

@केळीबाग, चालेल :) पण डिस्क कपाटात गेली म्हणजे काम झालं असं समजू नका. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर ती प्रत उघडून बघा. तापीकाठ, तुम्हीही. न उघडलेली प्रत म्हणजे न फोडलेला नारळ, आत काय आहे ते सांगता येत नाही.

---

तापीकाठ
११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

आज उघडून बघितल्या, माझ्या लॅपटॉपवर. लाल ठिपक्याची डिस्क, गेल्या शुक्रवारची: उघडली, शिल्लक जुळली.

हिरवी, सोमवारची: टॅलीने कंपनी दाखवली, पण आत जाताना डेटात चूक आहे म्हणून अडली. दोनदा करून पाहिलं, तेच. शेवटी आबांना फोन केला. सोमवारी दुपारी कॉपी चालू असताना टॅली उघडंच होतं, आबा पावत्या भरत होते. मी त्यांना कॉपीच्या आधी टॅली बंद करा म्हणून सांगितलंच नव्हतं.

उद्या पुन्हा घेतो, संध्याकाळी, सगळे उठल्यावर.

---

भुसावळ_जंक्शन
११ फेब्रुवारी, रात्री १०:५२

टॅलीचा स्वतःचा बॅकअपचा पर्याय आहे, तो वापरा, नुसता फोल्डर उचलू नका. आणि आबांना विचारा, सोमवारच्या पावत्या वहीत आहेत ना?

---

तापीकाठ
११ फेब्रुवारी, रात्री ११:०१

आहेत. विचारल्यावर रागावले.